टॉप मॉडेलचा नकाशा

गाडीच्या किमतीच्या यादीत नकाशाची किंमत कुठेच छापलेली नसते, आणि सगळी गोम तिथेच आहे. सीट कव्हरची असते, मडफ्लॅपची असते, पायाखालच्या मॅटची असते, डॅशबोर्डवर चिकटवायच्या गणपतीचीसुद्धा असते. कंपनीचं नेव्हिगेशन तेवढं कितीला, असं विचारलं की शोरूममधला पोरगा कौतुकाने हसतो. ‘‘काका, ते वेगळं नाही मिळत. ते टॉप मॉडेलमध्येच येतं.’’

युरोपातल्या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं निदान एवढं सुख भोगलं, की नेव्हिगेशनसमोर एक आकडा लिहिलेला असायचा. तो वाचून हवं की नको हे त्याचं त्याला ठरवता यायचं. आपल्याला ती मुभा नाही. आपल्याला नकाशा हवा असेल तर सनरूफ घ्यावं लागतं, सनरूफबरोबर मोठी चाकं, चाकांबरोबर दोन रंगांचं छप्पर, दरवाजात पेटणारे निळे दिवे, आणि या सगळ्या वरातीच्या मागून हळूच येणारा लाख-सव्वा लाखाचा फरक. नकाशा नको असला तर? मग काही गाड्यांत मागचा वायपरही नाही. हा सौदा ज्याला सरळ वाटतो त्याने पुढे वाचू नये.

मी नवापूरचा. जुनी गाडी थकली आहे, नवी घ्यायची आहे. सुरतेत घ्या नाहीतर धुळ्यात घ्या, पासिंग नंदुरबारलाच, एमएच 39. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने फोनवर निकाल देऊन टाकला : ‘‘मामा, एवढे पैसे घालताय तर टॉपच घ्या. नेव्हिगेशन इनबिल्ट येतं. शिवाय रिसेलला किंमत येते.’’ रिसेलला! सहा-सात वर्षांनी माझी गाडी बघायला जो कोणी येईल तो टायर दाबून बघेल, बॉनेट उघडेल, किलोमीटर विचारेल आणि मग म्हणेल, ‘वा, सात वर्षांपूर्वीचा नकाशा आहे, घ्या वीस हजार जास्त’, असा या इंजिनिअर पोराचा विश्वास आहे. फोन मात्र तो स्वतः दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, का तर जुना ‘स्लो’ होतो. फोन स्लो होतो आणि गाडीतला पडदा चिरतरुण राहतो, हे विज्ञान त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं कोण जाणे.

नवापूरच्या माणसाला नकाशा विकायला निघणं यात तर आणखी एक विनोद आहे. आमचं रेल्वे स्टेशन 1 मे 1960 पासून दोन राज्यांत उभं आहे. साधारण 800 मीटरचा फलाट. त्यातला 300 मीटर महाराष्ट्रात, 500 मीटर गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. एका बाकाच्या बरोबर मधून सीमा जाते, तसं त्यावर रंगवूनही ठेवलंय, आणि बाहेरगावचे पाहुणे त्यावर बसून फोटो काढतात. घोषणा चार भाषांत होतात. एका टोकाला दारू गुन्हा, दुसऱ्या टोकाला नाही. इथल्या माणसाला आपण कुठे आहोत हे सांगायला आकाशातून कोणी लागत नाही. बाकाच्या कुठल्या टोकाला बसलोय एवढं पाहिलं की झालं.

आणि आमचं जाणं-येणं तरी असं किती गुंतागुंतीचं? पश्चिमेला सोनगढ, व्यारा, बारडोली, सुरत. पूर्वेला विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री, धुळे. हा सगळा एकच रस्ता. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात, ट्रकवाले अजून सहाच म्हणतात. नंदुरबारला जायचं तर खांडबाऱ्यावरून. नाशिकला जायचं तर चरणमाळचा घाट चढून पिंपळनेर, पुढे ताहाराबाद, सटाणा. सीमेवरच्या बेडकी नाक्यावर ट्रकांची रांग किती लांब आहे हे चहावाल्याला विचारलं तर तो न बघता सांगतो. आणि नाका चुकवणाऱ्यांना जी आडवाट सापडते ती कुठल्या कंपनीने कुठल्या पडद्यावर दाखवली होती, याची चौकशी एकदा व्हायला हरकत नाही.

रस्ता शोधायचा प्रश्न आम्हाला पडतो तो सुरतेत शिरल्यावर. नवापुरातलं निम्मं दुखणं आणि निम्मं लग्न सुरतेत निस्तरतं. तिथले उड्डाणपूल, एकेरी रस्ते, कापड मार्केटांची गर्दी, खोदलेले चौक, या सगळ्यातून दवाखान्याच्या बरोबर दारात जायचं तर नकाशा लागतो, हे मी कबूल करतो. पण तिथे लागतो तो आजचा नकाशा. आज कुठला पूल बंद आहे, आत्ता कुठे वाहनं तुंबली आहेत, हे सांगणारा. तो माझ्या खिशात आहे. त्याला मी पैसे देत नाही. (माझी माहिती देतो, ते खरं. त्याकडे येतो.)

शोरूमवाल्याला मी सरळच म्हटलं, ‘‘बाबा, दाखव तुझं नेव्हिगेशन. इथून नवापूरला ने.’’ डेमो गाडी होती. पडद्यावरचा प्लास्टिकचा पातळ कागद अजून कोणी काढलेला नव्हता, कोपऱ्यात हवा धरून तो फुगला होता. पोराने बोटाने एकेक अक्षर दाबायला सुरुवात केली. एन दाबलं की एम उमटायचं. मागे जायचं, पुन्हा दाबायचं. शेवटी यादी आली. त्यात नवापूर, नवापारा, नवापाडा, नवागाव असा सगळा देश होता. आमचं कुठलं ते त्याला ठरवता येईना. एक निवडलं. पडदा विचारात पडला. गोल चक्र फिरत राहिलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला. तेव्हा त्या पोराने काय करावं? खिशातून स्वतःचा फोन काढला, वायर जोडली आणि म्हणाला, ‘‘काका, यात पटकन येईल.’’ आलं. पटकन आलं. विसरवाडीपर्यंतची वाहनांची लाल-पिवळी रेघसुद्धा आली. मी त्याला काही बोललो नाही. त्याला पगार टॉप मॉडेल विकण्याचा मिळतो, त्यात बसून प्रवास करण्याचा नाही.

त्याच्या भात्यात मात्र एक बाण होता आणि तो त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सोडला. ‘‘तुमच्याकडे घाटात नेटवर्क नसतं ना काका? फोन बंद पडणार. हे सॅटेलाइटवर चालतं.’’ जणू सॅटेलाइट कंपनीने स्वतःच्या खर्चाने वर सोडलाय आणि फोनवाल्यांना तिथे प्रवेशबंदी आहे. हा बाण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शोरूममधून रोज सुटत असणार, म्हणून त्याचा नीट समाचार घेतो. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या सरकारचे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून ते फिरतात आणि प्रत्येक जण आपल्या अणुघड्याळातली वेळ सतत खाली ओरडून सांगत असतो. चार उपग्रहांचा आवाज एकदम ऐकू आला की यंत्र आपली जागा काढतं. हा आवाज जगात कोणालाही ऐकता येतो, त्याला रिचार्ज लागत नाही. तो माझा फोनही ऐकतो. मोबाइलचा टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र आणायला, जागा काढायला नाही. आणि चित्र घरून आधी उतरवून घेण्याची सोय गूगलने 2015 पासून दिलेली आहे. घरच्या वायफायवर नंदुरबार, धुळे, तापी, सुरत एवढा तुकडा उतरवून घ्यायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. कोंडाईबारीत टॉवर गेला तरी निळा ठिपका रस्ता सोडत नाही.

पूर्वी हा आवाज मुद्दाम बिघडवून सोडत असत. सैन्याला नीट, बाकीच्यांना शंभर मीटरपर्यंत चुकीचा. मे 2000 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी तो बिघाड बंद केला आणि त्यानंतरच गाडीतलं नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने कामाचं झालं. आपलं म्हणाल तर इस्रोने 2013 ते 2016 मध्ये आपल्या जीपीएसचे, म्हणजे नाविकचे, उपग्रह सोडले. काहींची परदेशी अणुघड्याळं बिघडली. मे 2023 मध्ये स्वदेशी घड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला, आणि जानेवारी 2025 मध्ये गेलेला त्याच्या पुढचा ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. ही झगडून करायची, अब्जावधी रुपयांची, सरकारी कामं आहेत. त्यांच्या जिवावर गाडीवाला आपल्या पत्रकात ‘सॅटेलाइट नेव्हिगेशन’ असं सोनेरी अक्षरात छापतो. हवेवर कर लावायचा राहिला होता, तो असा लागला.

आता कर म्हटलंच आहे तर खऱ्या कराचा हिशेब बघा, तो पत्रकात नसतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के वाहन कर, दहाच्या वर वीसपर्यंत 12 टक्के. समजा मधलं मॉडेल 9 लाख 60 हजारांचं आहे आणि नेव्हिगेशनवालं 10 लाख 60 हजारांचं. पहिल्याला कर 1,05,600. दुसऱ्याला 1,27,200. म्हणजे नकाशाच्या वरातीसाठी लाख रुपये दिले ते दिलेच, वर सरकारला 21,600 रुपये जास्त. विमा गाडीच्या किमतीवर, तोही वाढला. आणि लाख रुपये रोख कोण देतो? ते कर्जात जातात. ‘काका, हप्त्यात कळतही नाही’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याचा पुतळा बँकांनी उभारला पाहिजे. सात वर्षांचं कर्ज, आणि ‘कनेक्टेड’ सेवा फुकट पहिली काही वर्षं. नकाशा जुना होऊन मूर्खासारखा बोलायला लागेल तेव्हाही त्याचा हप्ता माझ्या खात्यातून नेमाने कापला जात असेल.

जुना होईल म्हणजे काय, तो जुनाच असतो. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा आतला नकाशा आधीच काही महिन्यांचा. ती गोदामात थांबते, शोरूममध्ये थांबते. मग आपण तो विकत घेतो आणि गेल्या वर्षीचं पंचांग खिळा ठोकून भिंतीला लावावं तसा तो डॅशबोर्डात कायमचा बसतो. नवा हवा तर सर्व्हिस सेंटरला जा, किंवा पेनड्राइव्हवर उतरवून आणा, किंवा गाडीतल्या सिमचं वर्षाचं पुन्हा भरा. हे करणारा एक तरी गाडीमालक तुमच्या ओळखीत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

जगभर हेच झालंय. गाडीतला नकाशा हा काही काल-परवाचा शोध नाही. होंडाने 1981 मध्ये जपानात असं एक यंत्र विकायला काढलं. त्यात उपग्रह नव्हताच. आत गायरोस्कोप होता आणि पडद्यासमोर पारदर्शक नकाशाचे कागद हाताने बदलावे लागायचे. भाबडं होतं, पण प्रामाणिक होतं. कागद जुना झालाय हे डोळ्यांना दिसायचं. चाळीस वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये, त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या जुन्या गाड्यांच्या नेव्हिगेशनमधलं घड्याळ एका रात्रीत वीस वर्षं मागे गेलं आणि 2002 दाखवू लागलं. मालकांना सांगण्यात आलं की ऑगस्टपर्यंत थांबा, आपोआप नीट होईल. जीपीएसच्या आठवड्यांची मोजणी 1,024 झाली की पुन्हा शून्यावर येते. एप्रिल 2019 मध्ये ती तशी आली होती. हे ज्याने वेळीच सांभाळलं नाही त्याचं यंत्र काळाच्या मागे जातं. फोनमध्ये हे परस्पर सुधारलं जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. गाडीत सुधारायला कोणी बसलेलं नसतं. तिथले इंजिनिअर केव्हाच पुढच्या मॉडेलवर गेलेले असतात. गाडीत कायमचं बसवलेलं सिमही असंच. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं आणि कित्येक चांगल्या चालत्या गाड्यांच्या ‘कनेक्टेड’ सेवा मेल्या. इंजिन ठणठणीत, मेंदू गेला. आपल्याकडेही थ्रीजी आलं आणि गेलं. मी गाडी बारा-पंधरा वर्षं वापरणारा माणूस आहे. माझ्या गाडीतल्या सिमचं आयुष्य माझ्या क्लचप्लेटपेक्षा कमी निघालं तर दाद कोणाकडे मागू?

बरं, तो नकाशा असतो तरी कोणाचा? आपल्या देशातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांत दिल्लीच्या मॅपमायइंडियाचा असतो. राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने 1995 मध्ये सुरू केलेली कंपनी. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हापासून रस्ते मोजत आलेली. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण तीच कंपनी मॅपल्स नावाचं अ‍ॅप फोनवर फुकट देते! म्हणजे स्वदेशीचा अभिमान असला तरी टॉप मॉडेल घ्यायची गरज नाही; अ‍ॅप उतरवा आणि वंदे मातरम म्हणा. खुद्द गाडीवाल्यांनीही हे ओळखलंय. मारुतीच्या गाड्यांत पूर्वी नकाशाचं वेगळं कार्ड घालावं लागायचं. 2019 च्या वॅगन आरबरोबर नवा पडदा आला त्यात नकाशा फोनमधूनच येऊ लागला. देशात सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्याने हिशेब केला आणि शहाणपण स्वीकारलं. मग आता पुन्हा ‘इनबिल्ट’चा डांगोरा कशासाठी?

कारण पडद्यावर हक्क कोणाचा, ही मारामारी आहे. जनरल मोटर्सने 2023 मध्ये जाहीर केलं की आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत फोनचा पडदा दाखवायची सोयच ठेवणार नाही. गिऱ्हाईक फोन जोडतं म्हणजे ते कुठे जातं, कुठे थांबतं, काय शोधतं ही माहिती गूगल आणि अ‍ॅपलकडे जाते. गाडी बनवणाऱ्याच्या हाती नुसतं लोखंड राहतं. ते त्याला सोसवत नाही. वर्गणी त्याला हवी आहे, माहितीही त्याला हवी आहे. मोझिला या संस्थेने 2023 मध्ये 25 गाडी कंपन्यांची धोरणं तपासली आणि खासगीपणाच्या परीक्षेत एकूण एक कंपनी नापास झाली. तेव्हा ‘फोनवर तुमची माहिती चोरतात’ असं सांगून मला कोणी गाडीतलं नेव्हिगेशन विकू नये. मी एका चोराला आधीच ओळखतो. दुसऱ्याला लाख रुपये देऊन घरात घेण्याचं कारण मला दिसत नाही.

आता गंभीर गोष्ट. फोनच्या नकाशावर विसंबून माणसं मेली, हे खरं आहे आणि विक्रीच्या वेळी ते हळूच पुढे केलं जातं. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात पुण्याहून आलेली गाडी रात्री नकाशा सांगेल तसा रस्ता धरून गेली आणि पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. गाडी चालवणारा बुडाला, बाकीचे दोघे पोहून वाचले. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेली-बदायूंच्या हद्दीवर रामगंगेच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली गेली, तिघे गेले. पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि नकाशात तो शाबूत होता. वर्तमानपत्रांनी ‘गूगल मॅपने घेतला जीव’ असे मथळे दिले. जीव नकाशाने घेतला? तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी चार दगड, एक आडवी बल्ली आणि लाल फडकं लावायला कोणाला सुचलं नाही, ते सुटलेच ना मथळ्यातून! आणि वर्षातून एकदा नवा होणाऱ्या, तोही मालकाने मनावर घेतला तर, अशा गाडीतल्या नकाशाने तो पूल कसा ओळखला असता, हे मला कंपनीने समजावून सांगावं. ज्या नकाशाला कालचा पूर कळत नाही त्याच्याऐवजी ज्याला मागच्या वर्षीचाही कळत नाही तो घ्या, असा हा युक्तिवाद आहे.

पुराचं आम्हाला कोणी सांगायला नको. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावली आणि सरपणी नद्या रातोरात चढल्या, नवापुरात घराघरांत पाणी शिरलं, माणसं गेली, महामार्ग ठप्प झाला. त्या दिवशी कुठल्या पडद्यावर काय दिसत होतं हे कोणी पाहिलं नाही. कुठला फरशीपूल पाण्याखाली आहे, कुठून जाता येतं, हे पलीकडच्या गावातल्या माणसाने फोन करून सांगितलं ते कामाला आलं. एरवीही आमच्या तालुक्यात नकाशा गावाच्या चावडीपर्यंत आणतो आणि हात वर करतो. गाव एका जागी असतंच कुठे? पाडे टेकड्यांवर विखुरलेले, घरं शेताशेतात, दोन पाड्यांची नावं सारखी. शेवटचा दीड किलोमीटर विचारतच जायचं असतं. बांधावरच्या बाईला, शाळेतून येणाऱ्या पोरांना. मावची येत असेल तर उत्तम, नाहीतर गुजराती, अहिराणी, मराठी, जे तोंडात येईल ते. काच खाली करायची आणि ‘ताई, अमक्याचं घर कुठे’ म्हणायचं. काच खाली करायचं बटण बेस मॉडेलमध्येही असतं, पुढच्या दोन दारांना तरी.

कंपनीच्या नेव्हिगेशनची एक बाजू मात्र खरोखर भक्कम आहे आणि ती सांगायला शोरूमवाल्याला सुचलंच नाही. छपरावर त्याचा वेगळा अँटेना असतो, म्हणून उपग्रह फोनपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. शिवाय चांगल्या यंत्रात चाकांचा वेग आणि वळण मोजून, उपग्रह दिसत नसतानाही जागेचा अंदाज काढत राहायची सोय असते. बोगद्यात फोन गोंधळतो, ते यंत्र गोंधळत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरचा बोगदा 2025 मध्ये खुला झाला, तिथे हे सिद्ध करून घेता येईल. पण बोगद्यात डावीकडे वळायचं की उजवीकडे असा प्रश्न मला अजून पडलेला नाही. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो, हेही खरं. एसीच्या जाळीसमोर अडकवायचा स्टँड मिळतो. तीनशे-चारशे रुपये, स्टेशनरोडला. देशभर टॅक्सी फिरवणाऱ्याने, रोज नव्या शहरात उतरणाऱ्याने कंपनीचं घ्यावं, मी अडवत नाही. त्याने फक्त आकडा विचारून घ्यावा. तो सांगणार नाहीत, तरी विचारावा.

माझा राग नकाशावर नाहीच. राग आहे तो ओलीस ठेवलेल्या सामानावर. इथे जूनच्या मध्यापासून पाऊस धरतो तो सप्टेंबरपर्यंत. कोंडाईबारीत ढग रस्त्यावर उतरतात. पुढे ट्रक, मागे ट्रक, चाकांनी उडवलेला लाल चिखल मागच्या काचेवर बसतो आणि मागचं काहीच दिसत नाही. चरणमाळच्या वळणांवर तर मागचा लक्झरीवाला किती जवळ आलाय हे कळण्यावर जीव असतो. मागचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारी तार, ही दोन सामानं मला हवी आहेत. हॅचबॅक गाडी असेल तर हवीच. ती बेस मॉडेलमध्ये नाहीत, काही गाड्यांत मधल्यातही नाहीत. चांगले हेडलाइट नाहीत. चारही चाकांना एकसारखे टायर असतात, पण स्टेपनी बारकी देतात. वर मात्र दहा इंची पडदा, त्यावर गाडीचं रंगीत चित्र, आणि ते चित्र बोटाने गोल फिरवता येतं. ज्याने जीव वाचतो ते आणि ज्याने शेजारी जळतो ते, दोन्ही एकाच पेटाऱ्यात घालून कुलूप लावायचं आणि किल्लीची किंमत लाख रुपये सांगायची, याला मी व्यापार म्हणत नाही. मी स्वतः दुकानदार आहे. तूरडाळ हवी असलेल्या माणसाला मी साबण घेतल्याशिवाय डाळ देणार नाही असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर गाव जमेल.

कंपन्या आपण होऊन सुधारतील या भ्रमात कोणी राहू नये. चालकाची एअरबॅग, चाकं लॉक होऊ न देणारे ब्रेक, मागचे पार्किंग सेन्सर, पट्टा न लावल्यावर वाजणारी घंटी, या सगळ्या वस्तू आधी अशाच वरच्या मॉडेलच्या पेटाऱ्यात होत्या. 2019 मध्ये सक्ती लागू झाली आणि त्या सगळ्या गाड्यांत दिसू लागल्या. तोपर्यंत ‘काका, आपल्याकडे लोकांना परवडत नाही’ हे पालुपद ऐकवलं जायचं. तेव्हा मागणी साधी आहे आणि ती दिल्लीच्या परिवहन मंत्रालयाकडे आहे. काच साफ ठेवणारं, रस्ता दाखवणारे दिवे नीट ठेवणारं सामान प्रत्येक गाडीत. नकाशा वेगळा, त्याची किंमत वेगळी. नकाशा कुठल्या महिन्याचा आहे, किती वर्षं फुकट नवा होईल आणि नंतर वर्षाला किती पडतील, हे यादीत छापील. कर्जाच्या कागदावर व्याजदर छापावा लागतो, मग हे का नको?

शोरूमवाल्याकडे मी हेच तीन आकडे कागदावर मागितले. तो आत गेला, मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने थंड पाणी मागवलं. ‘‘सर, टॉपवर या महिन्यात कॅश डिस्काउंट आहे,’’ तो म्हणाला. नकाशाचं विचारलं तर म्हणाला, कंपनीला मेल करतो. मी मधलं मॉडेल बुक केलं, पांढरं, मागच्या वायपरसह. त्याला वेटिंग आहे. टॉप मॉडेल उद्या मिळत होतं.